कॅब सिम: अ‍ॅनालॉग डबा की आयआर? माझं मत डब्याच्या बाजूने

तारसप्तक (धागाकर्ते)

इलेक्ट्रिक गिटार थेट मिक्सरला न्यायची तर मध्ये स्पीकर आणि माइकची नक्कल करणारं काहीतरी, म्हणजे कॅब सिम, लागतं, याबद्दल दुमत नसावं. डिस्टॉर्शन पेडल एकदा सरळ मिक्सरला लावून पाहिलं की पटतं. पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखी चरचर येते. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या पुढे झपाट्याने मान टाकतो, आणि ही बोचरी चरचर बरीचशी त्याच्या वरच असते. स्पीकर ती गिळतो, म्हणून अँपसमोर तोच आवाज गोड लागतो.

प्रश्न एवढाच, की हे काम अ‍ॅनालॉग फिल्टरच्या डब्याकडून करून घ्यायचं की आयआरकडून. नवीन मंडळींसाठी: आयआर म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स, खऱ्या स्पीकरपुढे खरा माइक ठेवून घेतलेला त्या जोडीचा ठसा. त्याची फाइल लोड केली की तुमचा सिग्नल त्या ठशातून जातो.

मी तीन वर्षं आयआर वापरून पुन्हा अ‍ॅनालॉगकडे आलोय. माझ्या डब्यावर दोन स्विच आणि एक नॉब आहे. एक स्विच कॅबिनेट मागून उघडं की बंद यासाठी, दुसरा माइक स्पीकरच्या मध्यावर की कडेकडे यासाठी, आणि नॉब वरचा भाग किती उतरवायचा त्यासाठी. आत चार-पाच ऑपअँप (सिग्नल हाताळणाऱ्या छोट्या चिप) आणि मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर. मिक्सर वायरीतूनच जी ४८ व्होल्टची वीज देतो (फँटम), तिच्यावर चालतो. वायर लावली की आवाज सुरू.

आयआरच्या दिवसांतली एक संध्याकाळ माझ्या लक्षात राहिली आहे. दोनशे फाइलींचं फोल्डर उघडून बसलो होतो. एकच रिफ, ई मायनरची, पुन्हा पुन्हा. तोच स्पीकर, तोच माइक, फरक फक्त माइक अर्धा इंच इकडे की तिकडे. चाळिसाव्या फाइलीनंतर कान बधिर झाले, आणि आठव्या फाइलीत काय आवडलं होतं तेही आठवेना. तीन तास गेले. त्या तीन तासांत मी गिटार वाजवलीच नाही, नुसती तपासली.

शेवटी हेडफोनवर जी फाइल सर्वांत भरीव वाटली ती घेऊन कार्यक्रमाला गेलो. मोठ्या स्पीकरांवर तीच फाइल खालून इतकी घुमायला लागली की पहिल्या दोन गाण्यांत मी स्वतःला ऐकूच शकलो नाही. तिसऱ्या गाण्याला आयआर बंद करून बॅगेतला जुना डबा लावला आणि पाचव्या सेकंदाला हात मोकळे झाले.

ही जुनी वाट आहे. बोस्टन बँडचा गिटारवादक टॉम शोल्झचा रॉकमन १९८२ चा, सॅन्सअँप १९८९ चा, दोन्ही असेच अ‍ॅनालॉग डबे. ह्युजेस अँड केटनरचा रेड बॉक्सही १९८० च्या दशकातला. लोकांनी यांवर रेकॉर्डिंगं केली, दौरे केले. पर्याय कमी असले की माणूस उजव्या हाताकडे आणि अँपच्या नॉबकडे लक्ष देतो, आणि गिटारचा आवाज तिथेच घडतो. तुमचं मत सांगा. विरोधी असेल तर कारणासकट.

ध्वनिरेषा

असहमत, आणि कारणासकट.

तुमचा अनुभव खरा आहे, पण दोष आयआरच्या माथी मारलात. हेडफोनवर हळू आवाजात निवडलेली कुठलीही गोष्ट मोठ्या आवाजात घुमणारच. हळू ऐकताना आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ सालीच मोजून दाखवलं. तुम्ही हळू आवाजात खर्जाची कमतरता भरून काढणारी फाइल निवडलीत, आवाज वाढल्यावर ती भर उघडी पडली. त्या दिवशी ८०-९० हर्ट्झवर एक लो कट (त्याखालचा खर्ज कापणारा फिल्टर) लावला असता तर डबा बॅगेतच राहिला असता.

आता मुद्द्याचं. स्पीकरचा प्रतिसाद म्हणजे एक गुळगुळीत उतार नव्हे. हजार-दीड हजार हर्ट्झच्या पुढे कागदी कोन अखंड हलत नाही, त्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळे थरथरतात. कॅबिनेटच्या आतून परावर्तन येतं, कडेवरून येतं. माइकसमोर हे सगळं एकमेकांत मिसळतं आणि आलेखावर डोंगररांगेसारखी शिखरं आणि दऱ्या दिसतात. चार-पाच ऑपअँपचा फिल्टर या रांगेची बाह्यरेषा काढतो: खाली शंभरेक हर्ट्झला फुगवटा, चारशेच्या आसपास खळगा, तीन हजारांपाशी उंचवटा, मग कडा. सावलीवरून माणूस ओळखता येतो, पण चेहरा दिसत नाही.

आयआरमध्ये चेहरा असतो. ४८ किलोहर्ट्झला २०४८ सॅम्पलची फाइल म्हणजे जवळपास ४३ मिलिसेकंदांचा ठसा. स्पीकरचे आणि कॅबिनेटचे बहुतेक बारकावे त्यात बसतात. शिवाय तुमचा ‘मध्यावर की कडेला’ हा स्विच. खरा माइक मध्यावरून कडेकडे दोन सेंटीमीटर सरकवला तर नुसता ट्रेबल उतरत नाही, दऱ्यांच्या जागा बदलतात. स्विच ते करू शकत नाही. दोनशे फाइली चाळणं हा तुमचा निर्णय होता. मी दोन फाइली वापरतो, चार वर्षं त्याच.

नळीवाला

तारसप्तकांना +१. आलेख काढून गिटार वाजत नाही. ट्यूब अँप आणि अ‍ॅनालॉग डबा या जोडीत पिक तारेला लागली त्या क्षणी आवाज उमटतो. डिजिटलमध्ये आधी आकडे, मग हिशोब, मग पुन्हा आवाज. तो विलंब बोटांना कळतो. आणि वरच्या पट्टीत एलिअसिंगची जी काचेसारखी किरकिर येते ती आयआरवाल्यांना सवयीने ऐकू येईनाशी झाली आहे.

ध्वनिरेषा

@नळीवाला, दोन्ही मुद्दे वेगळे करू.

एलिअसिंग: सॅम्पलिंगच्या मर्यादेबाहेरचे हार्मोनिक तयार झाले की ते दुमडून खाली येतात. त्यासाठी आधी नवे हार्मोनिक तयार व्हायला हवेत, म्हणजे डिस्टॉर्शन हवं. सिग्नल आयआरच्या ठशातून काढणं, म्हणजे कन्व्होल्यूशन, हे लिनिअर काम आहे, ते नवी फ्रिक्वेन्सी जन्मालाच घालत नाही. किरकिर ऐकली असेल तर ती अँपची डिजिटल नक्कल करणाऱ्या भागातली. तुम्ही ट्यूब अँप वापरता, तेव्हा तुमच्या साखळीत तो भागच नाही.

विलंब: चांगला आयआर लोडर दोन-तीन मिलिसेकंद घेतो. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो. अँपपासून दोन मीटरवर उभे राहिलात तर जवळपास सहा मिलिसेकंदांचा विलंब तुम्ही आयुष्यभर आनंदाने सोसत आला आहात.

नळीवाला

एलिअसिंगचा मुद्दा मागे घेतो. चूक होती.

विलंबाचा घेत नाही. तुम्ही एकच यंत्र मोजलंत. माझ्या मंचावर वायरलेस आहे, डिजिटल मिक्सर आहे, कानातला मॉनिटरही वायरलेस आहे. प्रत्येक जण आपापले दोन-तीन मिलिसेकंद घेतो. अँपपासून दोन मीटरवर उभं असताना निदान तारेचा टक्क आवाज गिटारवरूनच कानाला मिळतो, कान बंद केले की तोही आधार जातो. अशा साखळीत एक कडी तरी बिनविलंबाची असावी, एवढंच माझं मागणं.

ध्वनिरेषा

हे मान्य. पूर्ण साखळी मोजायला हवी. अशा मांडणीत तुमची निवड मला चुकीची वाटत नाही.

लोहचुंबक

दोन्ही बाजू फिल्टरवर भांडताहेत आणि मधली गोष्ट कुणी बोलत नाही. अँपला पुढे काय जोडलेलं दिसतंय?

८ ओहमचा स्पीकर हा सगळ्या सुरांना ८ ओहम नसतो. रेझोनन्सपाशी (जिथे कोन आपसूक सर्वांत सहज थरथरतो), म्हणजे साधारण ८० ते ११० हर्ट्झच्या टापूत, त्याचा इंपिडन्स (विजेला होणारा अडथळा) ५० ओहमच्याही वर जाऊ शकतो. मग तो खाली येतो, चारशेच्या आसपास तळ गाठतो, आणि कॉइलच्या इंडक्टन्समुळे ट्रेबलकडे पुन्हा चढत जातो. ट्रान्झिस्टर पॉवर अँपला याचं सहसा फारसं काही वाटत नाही. ट्यूब अँपला फार वाटतं. जिथे इंपिडन्स जास्त तिथे तो जास्त व्होल्टेज देतो. म्हणून खालचा धक्का आणि वरची धार हे दोन्ही अँप आणि स्पीकर यांच्या झटापटीतून येतात. स्पीकरच्या जागी नुसता रेझिस्टर लावून केलेला लोड (अँपची ताकद झेलणारा भार) वापरलात तर ही झटापट संपते, आणि मग आयआर लावा नाहीतर अ‍ॅनालॉग डबा, आवाज मधल्या पट्टीत बसकाच येणार. अनेकांचं ‘आयआरमध्ये जीव नाही’ हे दुःख खरं तर रेझिस्टिव्ह लोडचं असतं. रिअ‍ॅक्टिव्ह लोड, म्हणजे स्पीकरसारखाच इंपिडन्स बदलणारा, लावला, किंवा खरा स्पीकरच जोडलेला ठेवला, की दोन्ही पद्धती अचानक सुधारतात.

नवीन वाचकांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगतो, कारण एका ओळखीच्या माणसाचा अँप याच चुकीने गेलेला पाहिलाय. कॅब सिम म्हणजे लोड नव्हे. अँप आणि स्पीकर यांच्या मध्ये बसणारे डबे फक्त सिग्नलची एक शाखा काढून घेतात. त्याच्या पुढचा स्पीकर काढलात आणि ट्यूब अँप वाजवलात, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. डब्यावर ‘लोड’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल आणि त्याची वॅटची क्षमता अँपइतकी नसेल, तर स्पीकर जोडलेलाच ठेवा.

वाद मिटवायचा असेल तर चाचणी अशी घ्या. अँपला खरा स्पीकर जोडा, त्याच्यासमोर माइक. स्पीकरला जाणाऱ्या सिग्नलमधूनच एक शाखा काढून ती माइकसोबत एकाच वेळी रेकॉर्ड करा. मात्र स्पीकरची पातळी झेलणारा डीआय (सिग्नल मिक्सरजोगा करून देणारा डबा) घ्या. २० वॅटचा अँप ८ ओहममध्ये साडेबारा व्होल्ट ढकलतो, साधा डीआय तिथे गुदमरतो. मग ती रेकॉर्ड केलेली शाखा एकदा डब्यातून आणि एकदा आयआरमधून काढा. हात तोच, अँप तोच, झटापट तीच.

मिक्सरमागे

माझं काम समोर बसून आवाज जुळवण्याचं, म्हणून दुसऱ्या टोकाचं सांगतो.

आयआरवाले येतात तेव्हा दहातले आठ जण खालचं पोट घेऊन येतात. माइक स्पीकरला जवळजवळ चिकटवून घेतलेला ठसा, त्यामुळे प्रॉक्झिमिटीचा, म्हणजे माइक जवळ आल्याने वाढणाऱ्या खर्जाचा, फुगवटा आधीच त्यात भरलेला. घरी एकट्याने ऐकताना तो भारदस्त वाटतो, बेस गिटार आणि किक ड्रम सुरू झाले की त्याचा चिखल होतो. मी शंभरपाशी कापतो, वर सहा-सात हजारांपाशी कापतो, आणि गिटार जागेवर बसते. अ‍ॅनालॉग डबेवाले बहुतेक वेळा हे कापून घेऊनच येतात, कारण फिल्टर बनवणाऱ्याने ते आधीच कापलेलं असतं. त्या अर्थाने मला ते सोपे जातात.

पण एकाच बँडमध्ये दोघांकडे तोच डबा असला की माझी पंचाईत होते. दोघांचा उंचवटा एकाच जागी, दोघे एकमेकांवर चढतात. ईक्यूने किती ढकलणार? एकाने आयआर घ्यावा, निदान वेगळ्या स्पीकरचा, असं मी आता आधीच सांगतो.

आणि डीआयवरचा ग्राउंड लिफ्टचा स्विच (सिग्नलच्या वायरीतली अर्थची जोडणी तोडणारा) माहीत करून घ्या. घूं आवाज आला की प्लगची अर्थची पिन काढणारे लोक मी पाहिलेत. ते जिवावर बेतणारं काम आहे, तसं कधीही करू नका.

पहिलाच कॉर्ड

प्रश्न लहान आहे. माझ्याकडे सरावाचा छोटा ट्रान्झिस्टर अँप आहे. त्याच्या हेडफोनच्या भोकातून इंटरफेसमध्ये घेतो आणि संगणकावर आयआर लावतो. आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. चार-पाच फाइली बदलून झाल्या. अ‍ॅनालॉग डबा घ्यावा का?

ध्वनिरेषा

काहीही घेऊ नका. बहुतेक सरावाच्या अँपमध्ये हेडफोनच्या वाटेवर स्पीकरची नक्कल करणारा अ‍ॅनालॉग फिल्टर आधीच बसवलेला असतो. तुम्ही त्याच्यावर दुसरा स्पीकर चढवताय. आयआर बंद करून ऐका.

पहिलाच कॉर्ड

बंद केला. गोधडी गेली! एवढे दिवस मी पिकअपला दोष देत होतो. दोघांनाही धन्यवाद, म्हणजे आयआरवाल्यांना आणि डबेवाल्यांनाही, कारण माझ्या अँपमध्ये डबाच निघाला.

तारसप्तक (धागाकर्ते)

लोहचुंबकांनी सांगितली तशी चाचणी केली. पूर्ण दिवस लागला.

अँप २० वॅटचा ट्यूब, मागून बंद कॅबिनेट, एक १२ इंची स्पीकर, समोर शुअर एसएम५७. माइक स्पीकरच्या मधल्या धुळीच्या टोपीची कड जिथे कोनाला मिळते तिथे, जाळीपासून दोन बोटं. स्पीकरच्या वायरीतून शाखा काढली. मग माइकला हातही न लावता, ध्वनिरेषांनी व्यक्तिगत निरोपात सांगितल्याप्रमाणे, सपाट ट्रान्झिस्टर पॉवर अँपमधून स्वीप (खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा सूर) सोडून त्याच जागेचा आयआर बनवला. म्हणजे आयआरला पूर्ण न्याय दिला.

तीन तुकडे वाजवले: जाड रिफ, गिटारचा व्हॉल्यूम चारवर आणून स्वच्छ आर्पेजिओ, आणि बाराव्या पडद्याच्या वरचा सोलो.

जाड रिफवर आयआर आणि खरा माइक यांतला फरक मला ओळखता आला नाही. डोळे मिटून दहा वेळा प्रयत्न केला, पाच वेळा चुकलो. डबा मात्र दर वेळी ओळखू आला. त्याचा मधला भाग जास्त पुढे येतो, आणि तार दाबून पाम म्यूट केलं की कॅबिनेटचा जो लाकडी ‘थुड’ माइकमध्ये आणि आयआरमध्ये होता तो डब्यात नुसता ‘थप’ होता. तेव्हा ‘खऱ्या माइकच्या जवळ कोण’ या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट आहे. ध्वनिरेषा बरोबर होते.

स्वच्छ आर्पेजिओत डब्याचा हिस् ऐकू आला. कार्यक्रमात कधी जाणवला नव्हता, शांत खोलीत जाणवला. हेही नोंदवतो.

पण सोलो. बेस आणि ड्रमच्या ट्रॅकवर तिन्ही ठेवून ऐकलं. माइक आणि आयआर यांतले काही सूर मागे जात होते. दुसऱ्या तारेवरचा एक विशिष्ट बेंड तर प्रत्येक वेळी अर्ध्यात बुडत होता, बहुधा त्याचे हार्मोनिक एखाद्या दरीत पडत असावेत. डब्यात प्रत्येक सूर सारख्या उंचीवर उभा. त्या दऱ्याच तर ‘चेहरा’, असं ध्वनिरेषा म्हणतील, आणि रेकॉर्डिंगसाठी मला ते पटतं. मंचावर मात्र मला तो बेंड शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवा.

ध्वनिरेषा

एवढी मेहनत घेतलीत, मनापासून आदर वाटला. एकच विचारतो. तिन्हींची पातळी कानाने जुळवलीत की मोजून? एखाद्या डेसिबलने मोठा असलेला आवाज कानाला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो.

तारसप्तक (धागाकर्ते)

कानाने. चुकलं.

आत्ता मोजून पाहिलं, सोलोच्या तुकड्यात डबा १.५ डेसिबल वर होता. खाली आणून पुन्हा ऐकलं. बाकी सूर आता जवळजवळ सारखेच पोचतात, माझा अर्धा दावा त्यात गेला. तो एक बेंड अजूनही आयआरमध्ये बुडतो आणि डब्यात बुडत नाही. माइक तीन सेंटीमीटर कडेला सरकवून दुसरा आयआर घेतला, त्यात बेंड वर आला, पण शेजारचा सूर खाली गेला.

नळीवाला

चाचणी उत्तम, पण हे सगळं आधीच वाजवलेलं पुन्हा ऐकणं झालं. वाजवताना ज्याच्यातून स्वतःला ऐकतो त्यावर हात बदलतो. डब्यातून ऐकत वाजवला असतात तर तो बेंड तुम्ही वेगळाच मारला असता.

लोहचुंबक

नळीवाल्यांचा मुद्दा बिनतोड आहे आणि याच मांडणीत तपासता येतो. अँप आणि स्पीकर दुसऱ्या खोलीत ठेवा. शाखेचा आवाज हेडफोनमध्ये, एका फेरीत डब्यातून, दुसऱ्या फेरीत आयआरमधून. पातळी मोजून जुळवलेली. प्रत्येक फेरीत तोच सोलो नव्याने वाजवा, आणि कुठली फेरी कुठली हे दुसऱ्या कुणालातरी ठरवू द्या.

तारसप्तक (धागाकर्ते)

करतो. दुसऱ्या खोलीपर्यंत पोचेल एवढी स्पीकरची वायर माझ्याकडे नाही, जाड वायरची जोडी बनवावी लागेल. गिटारची शिल्डेड वायर तिथे लावायची नाही, हे माहीत आहे. फेऱ्यांचा क्रम भावाला ठरवायला सांगतो. त्याला यातलं काही कळत नाही, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावरूनही मला काही कळणार नाही.